होंडा सिटी व्हीटेकची टकटक: स्क्रू नसलेल्या रॉकरचं प्रकरण

गाडी २००१ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक, मॅन्युअल, मीटरवर १ लाख ८० हजाराच्या वर. मालक इचलकरंजीचे, यंत्रमागवाले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलेला माणूस, त्यामुळं मशीनच्या आवाजात बारीक फरक पडला तरी त्यांना लगेच कळतो, आणि याचा या केसमध्ये लय फायदा झाला, कारण बहुतेक गिऱ्हाईक नुसतं "इंजिनात आवाज येतोय" एवढंच सांगतं आणि आपण बसतो शोधत.

अण्णांच्या तक्रारी तीन होत्या. सकाळी थंड स्टार्टला जोरात टकटक, इंजिन तापलं की कमी होते पण पूर्ण जात नाही. दुसरं, गरम झाल्यावर सिग्नलला गाडी थरथरते, स्लो धरत नाही. तिसरं, आंबा घाट चढताना पूर्वीसारखा दम राहिला नाही, तिसऱ्यात ओढायची तिथं दुसरा टाकावा लागतो.

मी आधी बॉनेट उघडलंच नाही, म्हटलं अण्णा यातलं पहिलं काय आलं आणि मग काय आलं ते क्रमानं सांगा. तर क्रम असा निघाला. बारीक टिकटिक फार जुनी, वर्षा-दीड वर्षापासूनची. मग त्यांच्या मुलानं गाडीला बाहेरचा चार-दोन-एक हेडर, म्हणजे चार सिलिंडरचे एक्झॉस्टचे पाईप आधी दोनात आणि मग एकात आणणारा जोड, बसवून घेतला, आणि थोड्या दिवसांत आवाज एकदम वाढला. मग एका गॅरेजमध्ये "टॅपेट वाजतायत" म्हणून टॅपेट, म्हणजे वाल्व आणि त्याला ढकलणाऱ्या रॉकरमधला गॅप, सेट केले, चालू इंजिनच्या गरमागरम हेडवर (वाल्व बसतात तो इंजिनाचा वरचा भाग), आवाज कमी होईपर्यंत स्क्रू पिळत. आवाज जरासा कमी झाला पण गेला नाही. त्यानंतर थरथर सुरू झाली. मग दुसऱ्या ठिकाणी २०डब्ल्यू५० ऑइल आणि वरून कसलीतरी अॅडिटिव्हची बाटली ओतली, त्यानं काहीच झालं नाही.

म्हणजे बघा, हेडर बसवला आणि आवाज वाढला, टॅपेट पिळले आणि थरथर आली. या दोन जोड्या मी फळ्यावर लिहून ठेवल्या, कारण गाडी चालू केली की कान सगळं डोकं खाऊन टाकतो आणि माणूस इतिहास विसरतो.

आता हे इंजिन काय आहे ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. दीड लिटर, सिंगल कॅम (वाल्व उघडणारा दांडा, त्याच्यावरचे उंचवटे म्हणजे लोब), १६ वाल्व, १०६ पीएस. त्या काळात आपल्याकडं दीड लिटरच्या गाडीत एवढी ताकद म्हणजे नादच होता, म्हणून तर आजही कोल्हापूर-सांगली भागात पोरं या गाड्या शोधत फिरतात. यात हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे ऑइलच्या प्रेशरनं आपोआप गॅप भरणारे लिफ्टर, नाहीत. प्रत्येक वाल्वच्या डोक्यावर रॉकर, रॉकरला अॅडजस्टिंग स्क्रू आणि लॉकनट, गॅप फिलर गेजनं, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, सेट करायचा. त्यामुळं "ऑइल फ्लश करा, लिफ्टर साफ होतील" हा सल्ला इथं लागूच होत नाही, लिफ्टरच नाहीत तर साफ काय होणार. जाड ऑइलनं आवाज थोडा दबतो इतकंच, कारण लोखंडा-लोखंडाच्या मध्ये जाड थर बसतो, बाकी गॅप आहे तेवढाच राहतो.

आणि मेन गंमत इनटेकच्या बाजूला. दर सिलिंडरला इनटेक वाल्व दोन पण रॉकर तीन. कडेचे दोन रॉकर रोजच्या चालीचे, कॅमच्या छोट्या लोबवर चालतात. मधला रॉकर मोठ्या लोबवर चालतो, पण कमी आरपीएमला तो कुठल्याच वाल्वला ढकलत नाही, नुसता वरखाली होत राहतो. आरपीएम वर गेला, लोड असला, गाडीला स्पीड असला की कॉम्प्युटर सोलेनॉइड उघडतो, ऑइलच्या प्रेशरनं रॉकरच्या आतल्या पिना सरकतात आणि तिन्ही रॉकर एकमेकांत लॉक होतात, मग दोन्ही वाल्व मोठ्या लोबच्या हिशोबानं जास्त आणि जास्त वेळ उघडतात. व्हीटेक किक म्हणतात ती हीच. प्रश्न असा की कमी आरपीएमला हा मोकळा मधला रॉकर कॅमला चिकटून कसा राहतो? त्यासाठी त्याला एक छोटी स्प्रिंगवाली डबी दाबून धरते, तिला लॉस्ट मोशन असेंब्ली म्हणतात. हे लक्षात ठेवा: कडेच्या रॉकरना स्क्रू आहे, मधल्याला स्क्रू नाही. १६ वाल्व, १६ स्क्रू, पण रॉकर २०.

बरं, गाडी थंड असताना सकाळी चालू केली. टकटक स्पष्ट, पुढच्या बाजूनं, म्हणजे या इंजिनात एक्झॉस्टच्या बाजूनं. पण पुढच्या बाजूनं आवाज येतो म्हणून पुढंच काहीतरी आहे असं धरून चालू नका, अॅल्युमिनियमचं हेड आवाज कुठल्या कुठं नेतं आणि हेडरचा पाईप तर तो भोंग्यासारखा बाहेर फेकतो.

पहिलं काम आवाजाचा वेग बघायचा. ७५० आरपीएमला क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) सेकंदाला साधारण साडेबारा वेळा फिरतो आणि कॅम त्याच्या निम्म्यानं, सहा-सव्वासहा वेळा. कानानं मोजणं अवघड, म्हणून टायमिंग लाईटचा क्लॅम्प एका प्लगच्या वायरवर लावला. या इंजिनला डिस्ट्रिब्युटर आहे, म्हणजे एका प्लगला दोन चकरांत एकदाच ठिणगी, म्हणजे लाईट कॅमच्या वेगानं चमकते. (नवीन गाड्यांत जिथं एका कॉइलवर दोन प्लग असतात तिथं लाईट दर चकरेला चमकते, तिथं ही युक्ती फसते.) चमक आणि टक जुळत होते. म्हणजे कॅमच्या वेगाचा आवाज. रॉड बेअरिंग किंवा पिस्टनची शंका बरीच मागं पडली, पूर्ण गेली नाही.

इथं बरेच लोक थांबतात. कॅमचा वेग म्हणजे टॅपेट, झालं, उघडा कव्हर. पण एका सिलिंडरचा एक्झॉस्ट वाल्व सुद्धा दोन चकरांत एकदाच उघडतो ना. मग तिथून पाईपच्या जोडातून गॅस लीक होत असेल तर तो पण दोन चकरांत एकदाच "टक" करणार, आणि तो आवाज टॅपेटसारखाच कोरडा आणि कडक असतो. थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी, हे पण दोघांत सारखंच, टॅपेटमध्ये गॅप बदलतो म्हणून आणि लीकमध्ये धातू फुगून फट बुजते म्हणून. तेव्हा ऐकून निकाल लागत नाही. एखादी गोष्ट बदलायची आणि आवाज बदलतो का बघायचं.

मी काय केलं, इंजेक्टरचा कनेक्टर एकेक करून काढला. प्लगची वायर काढण्यापेक्षा हे बरं, कारण कच्चं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जात नाही आणि कॉइलला पण त्रास नाही. पहिला काढला, इंजिन लंगडलं, टकटक तशीच. दुसरा, तशीच. तिसरा, तशीच. चौथा काढला आणि मोठी टकटक निम्म्याहून जास्त खाली आली. कारण साधं आहे, सिलिंडरमध्ये स्फोटच झाला नाही तर एक्झॉस्ट वाल्व उघडताना आत प्रेशर राहत नाही, फटीतून मारा होत नाही. टॅपेटचा गॅप असता तर त्याला स्फोट होतो का नाही याचं काही पडलेलं नसतं, रॉकर वाजतच राहिला असता. रॉडचा ठोका पण सिलिंडर मारल्यावर कमी होतो हे खरं, पण तो जड असतो, खालून येतो, गरम झाल्यावर वाढतो, इथं सगळं उलट होतं.

आणखी एक गोष्ट मात्र कानात राहिली. चौथा सिलिंडर मारल्यावर मोठी टकटक गेली तेव्हा तिच्या खाली दबलेली एक बारीक टिकटिक ऐकू आली, तिच्यावर इंजेक्टर काढण्याचा काहीच परिणाम होत नव्हता. अण्णा शेजारी उभे होते, लगेच म्हणाले, "ही जुनी हाय, हीच पहिल्यापास्नं." म्हणजे आवाज दोन आहेत. आणि दोघांना मिळून एकच समजून आतापर्यंत पाने चालवले गेले होते.

पुढं जाण्याआधी ऑइल काढलं. २०डब्ल्यू५० असताना प्रेशर मोजण्यात अर्थ नाही, गेज उगाच चांगलं दाखवतं. जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या ट्रेमध्ये पसरून उन्हात बघितल्या, चकाकणारा चुरा नाही. १०डब्ल्यू३० भरून, इंजिन पूर्ण तापवून, प्रेशर स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावलं. आयडलला १.४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला), ३००० आरपीएमला ४.१ किलो. या इंजिनांना आयडलला कमीत कमी ०.७ आणि ३००० ला ३.५ लागतं, म्हणजे खालचं इंजिन तंदुरुस्त. १.८ लाख किलोमीटरला असं प्रेशर बघून बरं वाटतं राव.

मग थरथरीचा मुद्दा. गरम इंजिन, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा, पेट्रोल बंद, कंप्रेशन घेतलं, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजलं. पहिल्या तिघांत १७८, १७६, १७२ पीएसआय. चौथ्यात १२६. मर्यादा १३५ आहे आणि सिलिंडरमधला फरक २८ च्या वर नको, इथं दोन्ही मोडलं. चौथ्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं तर १३० च्या पुढं जाईना, म्हणजे रिंगा नव्हेत, वाल्व.

आता या केसमधली मला सगळ्यात आवडलेली टेस्ट. चौथा सिलिंडर कंप्रेशनच्या टॉपवर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, आणून, दोन्हीकडचे वाल्व बंद असायला पाहिजेत अशा जागी धरून, प्लगच्या भोकातून हवा सोडली, लीकडाऊन टेस्टर लावून. हवा कुठून पळते ते ऐकायचं असतं: थ्रॉटलमधून फुस्स आलं तर इनटेक वाल्व, ऑइलच्या झाकणातून आलं तर रिंगा, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट वाल्व. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, बारीक झुळूक लागली. ते अपेक्षितच होतं. पण फुस्स आवाज सायलेन्सरपेक्षा पुढं, रेडिएटरच्या मागं जास्त येत होता. पोराला म्हटलं साबणाचं पाणी आण. हेडरच्या चौथ्या नंबरच्या फ्लँजवर फडक्यानं साबण लावला आणि खालच्या कोपऱ्यात, स्टडच्या बाजूला, फेसाचा बारीक फुगा फुगायला लागला, फुटला, परत फुगला. म्हणजे हवा प्लगच्या भोकातून आत गेली, न बसणाऱ्या एक्झॉस्ट वाल्वमधून पोर्टमध्ये आली आणि हेडरच्या फटीतून बाहेर. एका पाईपनं दोन रोग दाखवले. अण्णांना पण वाकून बघायला लावलं, कारण "टॅपेट नव्हे, हेडर वाजतोय" हे कुणालाही नुसतं तोंडानं सांगून पटत नाही.

हेडर उतरवला. चौथ्या पोर्टच्या खाली काजळीचा पंख्यासारखा काळा डाग, गॅस्केट जुनंच परत वापरलेलं, एका स्टडचा नट हातानं फिरत होता. फ्लँजवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून खाली फिलर घातला तर चौथ्याच्या कडेला ०.३५ मिलिमीटरची पट्टी आरामात गेली. स्वस्त हेडरमध्ये फ्लँज पातळ असते, वेल्डिंगच्या वेळी वाकते, आणि तापून-थंड होऊन आणखी वाकत जाते. हेडर शिवाजी उद्यमनगरात फेसिंगला दिला, कोल्हापुरात राहण्याचा हा एक फायदा, असल्या कामाला गाव सोडायला लागत नाही. स्टड आणि नट नवे, पत्र्याच्या थरांचं नवं गॅस्केट, आणि नट मधून बाहेरच्या बाजूला टप्प्याटप्प्यानं टॉर्क पान्यानं.

गाडी रात्रभर तशीच ठेवली, कारण टॅपेटचा गॅप थंड इंजिनवरच बघायचा, या इंजिनात ३८ अंशाच्या खाली. एप्रिलचा महिना, दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तर नुसती उभी असलेली गाडीच तेवढी तापते, त्यामुळं सकाळी सातला कव्हर उघडलं. कॅमच्या पुलीवरची "अप" ची खूण वर आली की पहिला सिलिंडर टॉपला. तिथून क्रँक अर्धी चक्कर, म्हणजे पुली पाव चक्कर, तिसरा, मग चौथा, मग दुसरा. हे इंजिन घड्याळाच्या उलट फिरतं, नवीन पोरं इथं हमखास गडबडतात.

इनटेक ०.१८ ते ०.२२ मिलिमीटर पाहिजे, सगळे ०.१८ ते ०.२० मध्ये होते, ठीक. एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ पाहिजे. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही ०.१८. दुसऱ्याचे ०.१७ आणि ०.१५. तिसऱ्याचे ०.१५ आणि ०.१३. चौथ्याचा एक ०.०८, आणि त्याच्याच दुसऱ्या वाल्वला माझ्याकडची सगळ्यात पातळ ०.०५ ची पट्टी सुद्धा शिरेना. जिथून आवाज आला तिथं पिळत गेले, चौथ्यापाशी आवाज सगळ्यात जास्त म्हणून चौथा सगळ्यात टाईट. ज्यानं केलं त्याच्या कानाला दोष नाही, आवाज तिथूनच येत होता. पण तो आवाज हेडरच्या फटीचा, आणि स्क्रू पिळून फट काय बुजत नाही.

टाईट टॅपेट इतका घातक का, हे जरा तपशिलात सांगतो, कारण "आवाज नाही म्हणजे इंजिन गुळगुळीत" ही समजूत लय खोल बसलीय. एक्झॉस्ट वाल्व जळत्या गॅसच्या मधोमध उभा असतो. त्याला थंड व्हायला मोठा रस्ता एकच, बंद झाल्यावर सीटवर घट्ट टेकतो तेव्हा उष्णता सीटमधून हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. गरम झाल्यावर वाल्व लांब होतो, म्हणून एक्झॉस्टला इनटेकपेक्षा जास्त गॅप ठेवतात. गॅपच नसला तर लांब झालेला वाल्व रॉकरवर अडकतो, सीटवर पूर्ण बसत नाही. मग कंप्रेशन जातं, ते एक. आणि थंड होण्याचा रस्ता बंद होतो, शिवाय त्या केसाएवढ्या फटीतून दर स्फोटाला पेटता गॅस कटरसारखा जातो. आधी कडा, मग सीट, मग एक तुकडाच उडतो. थंड असताना गाडी छान चालते, गरम झाल्यावर थरथरते, अण्णांची दुसरी तक्रार अक्षरशः हीच. वाजणारा टॅपेट कान खातो, टाईट टॅपेट हेड खातो, आणि तो काहीच वाजवत नाही म्हणून कळतही नाही.

सगळे एक्झॉस्ट ०.२५ ला लावले. लॉकनट टाईट करताना स्क्रू थोडा फिरतोच, त्यामुळं नट लावल्यावर परत पट्टी घालून बघायची, जराशी ओढ लागून सरकली पाहिजे. याला वेळ जातो, जाऊ द्यायचा.

गाडी जोडून, फिरवून, गरम करून परत कंप्रेशन घेतलं. चौथा १२६ वरून १५८. बाकीच्यांपेक्षा अजून कमी, पण मर्यादेच्या आत. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घातला, वाल्वच्या चेहऱ्याचा रंग गोलाकार एकसारखा होता. जळायला लागलेल्या वाल्ववर एका बाजूला वेगळ्या रंगाचा पट्टा दिसतो, तो नव्हता. अण्णांना विचारलं, हेड उतरवून वाल्व लॅप करून, म्हणजे सीटवर घासून नीट बसवून, घ्यायचे का? मी स्वतः "आत्ता नको" म्हटलं. सीटवर जी काजळी बसलीय ती नीट बसायला लागल्यावर बऱ्यापैकी साफ होईल असं वाटत होतं, आणि हेड एकदा उतरवलं की गॅस्केट, फेसिंग, टायमिंग बेल्ट, सगळी लाईन लागते. ऐकीव आवाजावर एवढं काम काढायची आमच्याकडं एक सवयच आहे, त्यातून बिल मोठं होतं पण रोग जातोच असं नाही.

थरथर गेली. मोठी टकटक गेली. राहिली जुनी टिकटिक.

आता ही इंजेक्टरवर बदलत नाही, जाड-पातळ ऑइलनं फारशी बदलली नाही, टॅपेटचे सोळाही गॅप बरोबर. इथं दोन संशय. एक, स्क्रूचं टोक किंवा वाल्वचं डोकं झिजून खड्डा पडलेला असू शकतो. फिलरची पट्टी सपाट, ती खड्ड्यावर पुलासारखी बसते आणि गॅप बरोबर दाखवते, खरा गॅप जास्त असतो. डायल गेज रॉकरवर टेकवून हातानं रॉकर हलवला की खरा खेळ कळतो. मी सगळे तपासले, पट्टीचा आणि डायलचा आकडा जुळला, तो संशय मिटला.

दुसरा संशय तो मधला, स्क्रू नसलेला रॉकर. स्टेथोस्कोप कव्हरवर फिरवला तर तिसऱ्याच्या आसपास इनटेकच्या बाजूला आवाज जास्त, पण आधीच म्हटलं, जागेवर फार विश्वास नको. म्हणून आधी रस्त्यावर एक टेस्ट. कव्हरच्या बोल्टला क्लिपचा माईक लावून वायर आत केबिनमध्ये घेतली आणि गाडी हायवेवर नेली. हे उभ्या गाडीवर रेस करून होत नाही, गाडीला स्पीड आणि लोड असल्याशिवाय कॉम्प्युटर व्हीटेक चालू करत नाही. रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक आरपीएमबरोबर वाढत जाते, आणि व्हीटेक लागतो त्या क्षणी गायब. परत खाली आलो की परत सुरू. अर्थात वरच्या आरपीएमला इतका गोंगाट असतो की हा पुरावा कोर्टात टिकणार नाही. पण इशारा पक्का, व्हीटेक लागल्यावर मधला रॉकर कडेच्यांबरोबर लॉक होतो, त्याला एकट्याला वाजायला जागाच राहत नाही.

दुसऱ्या सकाळी परत कव्हर उघडलं. एकेक सिलिंडर टॉपला आणून मधला रॉकर बोटानं दाबला. पहिल्याचा, दाबला की आधी हलकासा जातो मग स्प्रिंग कडक होत जाते, सोडला की परत वर. दुसरा तसाच. चौथा तसाच. तिसरा मात्र बोट लावल्याबरोबर खटकन खाली, आणि तिथंच. कॅम आणि रॉकरच्या मध्ये मोकळी जागा, बोटानं हलवला की खुळखुळ्यासारखा टिकटिक, अगदी तोच आवाज. अण्णा म्हणाले, "हाच की!" मागवाल्या माणसाच्या कानाला मानलं पाहिजे.

रॉकरचं सगळं खटलं उतरवताना एक काळजी, दर सिलिंडरचे तीन रॉकर रबरबँडनं एकत्र बांधून ठेवायचे, नाहीतर आतल्या पिना निसटून बाकाखाली जातात आणि मग कुठली कुणाची हे कुणालाच कळत नाही. तिसऱ्याची लॉस्ट मोशन असेंब्ली काढली, आतला प्लंजर तपकिरी चिकट थरानं अर्ध्यात अडकलेला. कार्ब क्लीनरनं धुतल्यावर हलला, पण नंतरही मध्ये अडकत होता. असली डबी साफ करून परत बसवायची आणि गिऱ्हाईकाला पाठवायचं हे मला पटत नाही, नवीन मागवली. यायला वेळ लागला, तोवर गाडी उभी. तेवढ्यात कॅमचा मधला लोब आणि रॉकरची घासणारी बाजू भिंगातून बघून घेतली, पॉलिश झालेली होती पण खड्डे किंवा पोपडे नाहीत. खड्डे असते तर एकट्या डबीनं भागलं नसतं, कॅमचा विषय निघाला असता. व्हीटेक सोलेनॉइडची जाळी पण काढून धुतली, त्यातही तोच तपकिरी गाळ थोडा निघाला.

नवीन डबी टाकून गाडी चालू केली. थंड स्टार्टला शांत. अण्णा पाच मिनिटं बॉनेटवर कान लावून उभे, मग म्हणाले, "अजून एक बारीक हाय बघा, मागच्या बाजूला." ती इंजेक्टरची टिकटिक. स्टेथोस्कोप त्यांच्या कानाला देऊन चारही इंजेक्टरवर फिरवला, सगळीकडं एकसारखी, आणि कनेक्टर काढला की त्या एकाचीच बंद. असू दे म्हटलं, ती नसली तर गाडी चालायची नाही.

हजार किलोमीटरनंतर परत बोलावलं होतं, गाडी आली. हेडरच्या दोन नटांनी पाव चक्करीपेक्षा कमी ओढ घेतली, नवीन गॅस्केट बसताना तेवढी होतेच. कंप्रेशन चौथ्यात १६६. इनटेकचे गॅप जिथल्या तिथं. एक्झॉस्टमध्ये पहिल्या तिघांचे ०.२५, चौथ्याचा एक ०.२५ आणि दुसरा, जो पूर्ण टाईट होता तो, ०.२३. हा दुसरा मला जरा खटकतो. गॅप आपोआप कमी होणं म्हणजे वाल्व सीटमध्ये खाली जातोय, सीटला मार बसलेला असू शकतो. अजून मर्यादेत आहे म्हणून हात लावला नाही, मुद्दामच परत ०.२५ ला केला नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो किती सरकला ते कळणार नाही. पाच हजारला परत मोजायचं, ०.२० च्या खाली दिसला तर हेड उतरवायचं आणि सीट बघायच्या, हे अण्णांशी आत्ताच बोलून ठेवलंय, आणि तोवर टॅपेटच्या स्क्रूला कुणाला हात लावू द्यायचा नाही हे पण.